इकडचं तिकडे

आमच्या घरात भांडण म्हणून कधी झालंच नाही. शेजारच्या देसाईंकडे अधूनमधून ताटल्या आपटल्या जायच्या. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर बायकोवर चिडले की जिन्यात येऊन बोलायचे, म्हणजे सगळ्या बिल्डिंगला नीट ऐकू जावं. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. आमच्याकडे अबोला असायचा. आई आणि आप्पा एकमेकांशी बोलायचे बंद व्हायचे, आणि ते बंद झाले की मी सुरू व्हायचे. "नंदू, त्यांना सांग, पानं घेतलीत." "नंदे, तिला म्हणावं, आलोच." घर एवढंसं, की आप्पा हॉलमध्ये खाकरले तरी आईला फोडणीच्या आवाजातूनही ऐकू जायचं. तरी निरोप माझ्यामार्फतच जायचा, आणि मी तो पोचवेपर्यंत समोरच्याने तो ऐकलाच नाही असं धरून चालायचं. हा आमच्या घरचा रिवाज होता, आणि दुसऱ्यांच्या घरी तो नसतो हे मला बरीच मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं.

वाशीतलं ते घर दोन खोल्यांचं. पुढे हॉल, त्याला बोटभर गॅलरी. मागे स्वयंपाकघर. मध्ये अरुंद पॅसेज, त्यात न्हाणीघराचं दार उघडायचं, म्हणून एक माणूस आत असला की दुसऱ्याने अंग चोरून जायचं. हा पॅसेज माझा. मी अभ्यासाला तिथेच पाट टाकून बसायचे, कारण तिथून दोन्हीकडची हाक ऐकू यायची. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीचा आणि धुण्याच्या साबणाचा वास आजही कुठे आला की मला इतिहासाची सनावळी आठवायला लागते. आम्ही परळच्या चाळीतून खाडीच्या या बाजूला आलो तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. आप्पांना रबाळ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, आणि रोज एवढ्या लांबून येण्यापेक्षा इथेच घर घ्यावं असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे एकट्याने ठरवलं. आई आली ती रुसूनच. चाळीत तिला दिवसभर बोलायला बाया होत्या, गॅलरीभर पापड वाळत घालायला जागा होती. इथे नुसता वारा, समोर चिखल आणि तिवरांची झुडपं, आणि संध्याकाळ झाली की कोल्ह्यांची ओरड. रेल्वे तेव्हा यायची होती. मार्केट मात्र आलं होतं. कांद्याबटाट्याच्या ट्रकांची घरघर आणि वारा फिरला की येणारा कुजक्या कांद्याचा वास, याची सवय व्हायला आईला फार वर्षं लागली. आता सीवूड्सच्या माझ्या फ्लॅटच्या खिडकीतून मॉलचे दिवे दिसतात आणि लोक विचारतात, तेव्हा इथे होतं तरी काय. मला मात्र तो मोकळा, खारट, थोडासा घाणेरडा वारा फार आठवतो.

आई कोकणातली, आप्पा साताऱ्याकडचे. आमच्या घरातल्या निम्म्या अबोल्यांचं मूळ ताटात होतं. आईला दुपारी मासळी नसली तर जेवल्यासारखं वाटायचं नाही. आप्पांना बाजरीची भाकरी, मिरचीचा खरडा, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चा कांदा एवढं मिळालं की जगाशी तक्रार नसायची. वाशीगावातून यमुनाबाय पाटी घेऊन यायची, दारातच उकिडवी बसायची आणि आईला म्हणायची, "ताय, बांगडं बघ कसं हाय, डोलं बघ त्याचं." आई बांगडे घ्यायची, ओलं खोबरं वाटायची, आणि आमटीत तिरफळं ठेचून टाकायची. ज्यांनी तिरफळ खाल्लेलं नाही त्यांना सांगायचं तर, ते मिरीपेक्षा जरा मोठं फळ असतं, वास लिंबाच्या सालीसारखा, आणि जिभेला लागलं की जीभ चुरचुरते, मग बधिर होते. कोकणात जन्मलेल्याला तो स्वर्ग. साताऱ्यात माण तालुक्याच्या बाजूला वाढलेल्या माणसाला ती शिक्षा.

माझ्या कामाची खरी सुरुवात त्या आमटीनेच झाली. अबोला चालू होता, कशावरून ते आठवत नाही. आप्पांनी पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि, रागाचे निरोप आमच्याकडे कानाशीच द्यायचे तसे, दबक्या आवाजात मला म्हणाले, "तिला म्हणावं, ही आमटी हाय का दातदुखीचं औषध." मी निघाले. पॅसेजच्या मध्यावर माझे पाय अडले. स्वयंपाकघरात आई पाठमोरी भाकरी थापत होती, तिच्या मानेला घाम आला होता, आणि हा निरोप तसाच्या तसा तिच्या त्या मानेवर नेऊन टाकायचा हे माझ्याच्याने होईना. मी आत जाऊन म्हटलं, "आप्पा म्हणतात, आमटीला वास काय छान आलाय. तिरफळं घातलीस का?" आईचा हात थांबला. तिने वळून पाहिलं नाही, पण तिचा आवाज बदलला. म्हणाली, आवडली होय त्यांना, सांग पुढच्या वेळी अजून घालीन. मी परत पुढे आले आणि आप्पांना सांगितलं की आईने तुमच्यासाठी मुद्दाम घातलीत तिरफळं. आप्पा वाटीकडे बघत बसले. मग त्यांनी ती सगळी आमटी संपवली. दोन दिवसांत अबोला सुटला. मी खूष. त्या दिवसापासून आमच्या आमटीतली तिरफळं वाढत गेली.

मग मी हातखंडा कारागीरच झाले. "त्यांना सांग, घरात पाय ठेवलाय तर जरा भाजी आणा म्हणावं" याचं मी "आई विचारतेय, दमला नसाल तर भाजी आणाल का" असं करायचे. "मला काय्येक नको त्यांच्याकडून" हे आई फारच चिडली की तिच्या माहेरच्या बोलीत म्हणायची. ते तर मी पोचवायचेच नाही, त्याजागी तिचं डोकं दुखतंय असं सांगायचे. मग आप्पा बाम आणून मुकाट्याने ओट्यावर ठेवायचे. आई म्हणायची, बघ, न सांगता कळतं त्यांना. आप्पांनी दारात चप्पल कशी काढली, पायाने लोटली की वाकून ठेवली, यावरून संध्याकाळ कशी जाणार हे मी ओळखायचे. आईने कुकरचं झाकण किती जोरात लावलं यावरूनही. शाळेतल्या मुली गाण्यांच्या भेंड्या खेळत असताना माझा एक कान घराकडे असायचा, आणि घर तर तिथून दिसतही नव्हतं. शाळेची अजिंठ्याची सहल निघाली तेव्हा मी नाव दिलं आणि नंतर मागे घेतलं, कारण नेमका अबोला चालू होता. पोटात दुखतं असं मी बाईंना सांगितलं. खरोखरच दुखत होतं.

माझी मुलगी मुक्ता हल्ली फोनवर कुठल्या तरी बाईंशी दर आठवड्याला बोलते, फी देऊन. त्यात गैर काही नाही, आमच्या वेळी असं कोणी असतं तर मीही गेले असते. तिथून ती शब्द घेऊन येते. बाउंड्री हा तिचा लाडका शब्द. परवा मी हे सगळं तिला सांगत होते तर म्हणाली, "आई, तू म्हणजे क्लासिक केस आहेस. तुला कोणी सांगितलं नाही का, की हे तुझं काम नाही म्हणून?" मी म्हटलं, कोण सांगणार, आणि मी ऐकलं असतं का? कारण मला ते काम आवडायचं. ही गोष्ट तिच्या बाईंना कितपत कळेल कोण जाणे. दोन मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. एवढा मान मला पुढे नोकरीत अधिकारी झाल्यावरही मिळाला नाही. फक्त रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभरात मी स्वतःचं असं एक वाक्य बोलले का, ते आठवायचं नाही.

मला झाडांचं वेड आप्पांमुळे लागलं, हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. रविवारी सकाळी ते मला फळबाजारात न्यायचे. आंब्याच्या दिवसांत पेंढ्यात रचलेल्या पेट्या फुटायच्या आणि तो गोड, गरम वास आख्ख्या गाळ्यात भरून राहायचा. हमाल आप्पांच्या गावाकडचे, ते मला एखादा डागाळलेला हापूस देऊन म्हणायचे, खा पोरी. मी तो डाग बघत बसायचे. कशाने पडला, झाडावर पडला की वाटेत, औषधाने गेला असता का. बारावीनंतर कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं की कोकणात शेतकीचं कॉलेज आहे, मुलींना वसतिगृहही आहे, तुझे मार्क पुरतील. मी अर्ज केला आणि माझी निवड झाली. सोमवारी पालकांना घेऊन हजर राहायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. आणि घरात, माझ्या आठवणीतला सगळ्यात लांबलेला अबोला चालू होता. मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि आप्पा जेवणाआधीच तिथून उठून आले होते. त्यांचं म्हणणं, कारखान्यात पाळी होती. आईचं म्हणणं, पाळीचं निमित्त होतं.

मी आधी हॉलमध्ये जाऊन सांगितलं. आप्पांनी पेपर खाली ठेवला. "कोकणात?" म्हणाले. मग गॅलरीबाहेर बघत म्हणाले, तिला विचार तिचं काय म्हणणं आहे. मी पॅसेजमधून मागे गेले. आई कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, त्यांना विचार, त्यांनी हो म्हटलं तर मी कोण नाही म्हणणारी. आणि मग, काड्या बाजूला करता करता, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं,

"पण नंदू, तू गेलीस तर या घरात बोलायचं कुणी?"

तिने मला अडवायला म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी चिडून तरी गेले असते. तिला खरंच प्रश्न पडला होता. मी घाबरले. मी पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले, हात न्हाणीघराच्या कडीवर. पुढे काय करायचं ते मला नीट माहीत होतं. हॉलमध्ये जाऊन म्हणायचं, आई हो म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन म्हणायचं, आप्पा हो म्हणाले. दोघांनीही मान हलवली असती आणि सोमवारी आप्पा माझ्याबरोबर निघालेही असते. इतकी वर्षं मी तेच तर करत आले होते. पण माझ्या जाण्याबद्दल त्या दोघांना काय वाटतं हे मला खरंच ऐकायचं होतं, आणि मला एकदम लक्षात आलं की ते मला कधीच कळणार नाही. मला ऐकू येणार होतं ते मीच बनवलेलं. त्या दोघांनी एकमेकांना तोंडावर काही मनातलं सांगितलेलं मी जन्मभर ऐकलंच नव्हतं. मला तिथे उभ्या उभ्या इतकं रडू आलं की मी नळ सोडून तोंड धुतलं.

मग मी हॉलच्या दारात, जिथून मागचंही दिसतं अशा जागी उभी राहिले आणि म्हणाले, "मी आजपासून इकडचं तिकडे सांगणार नाही. माझ्या जाण्याचं तुम्ही दोघं बोला आणि मला काय ते सांगा. नाही म्हणालात तरी चालेल. पण तुम्ही बोला." आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. आईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागले, ओले होते तेही.

त्या दोघांना आधी वाटलं, पोरीचं खूळ आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी आप्पा बूट घालता घालता म्हणाले, तिला म्हणावं डबा लवकर दे. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, आप्पा." ते तसेच डब्याशिवाय गेले. आई म्हणाली, त्यांना सांग गॅस संपत आलाय, नंबर लावायला हवा. मी म्हटलं, तू सांग. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला ओळखत नाही म्हटलं. मग डोक्याला पट्टी बांधून ती आडवी झाली. संध्याकाळी आप्पा न जेवता रेडिओ लावून बसले. दोघांनी दुसरे मार्गही काढून बघितले. आई गॅलरीतल्या कावळ्याला म्हणायची, बाबा रे, या घरात गॅस संपला तर चुलीवर शिजवायचं का. आप्पा रेडिओला म्हणायचे, घरात एक कप चहा मिळायची सोय राहिली न्हाय. मला हसू यायचं, आणि लगेच आपण किती दुष्ट आहोत असं वाटायचं.

एकदा यमुनाबाय आली. आप्पा पाळी संपवून नुकतेच येऊन दाराशीच खुर्चीवर बसले होते. आईने तिलाच हाताशी धरलं. म्हणाली, यमुना, त्यांना जरा सांग गो, सिलिंडरचं बघा म्हणून. यमुनाबायने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे. दोघांच्या मध्ये तिची पाटी.

"तुजा मानूस हितंच बसलाय नं. तूच सांग की. माजी मच्छी सुकते हितं."

तिने बांगडे मोजून दिले आणि पाटी उचलून गेली. आप्पांनी पेपर तोंडापुढे धरला. तो हलत होता, ते हसत होते की काय मला कळलं नाही. देसाई काकूंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि समजावलं. मुलगी म्हणजे घरातला सांधा, असं त्या म्हणाल्या. दोन शब्द पोचवल्याने तुझी जीभ झिजणार आहे का, आईचं तोंड बघ कसं झालंय, उद्या तिला काही झालं तर. त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या आमचंच भलं चिंतत होत्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि घरात आले ती जवळजवळ हरूनच. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या पायावरची चादर सरकली होती. मी ती नीट केली आणि म्हणणार होते, सांगते मी त्यांना. ओठांपर्यंत आलं होतं. का नाही म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक सोमवारच्या भीतीने. मी एवढंच म्हटलं की आई, चहा करू का तुझ्यासाठी. ती हो म्हणाली. मी तिच्याजवळ बसून तिला चहा दिला. तिची मुलगी म्हणून जे करायचं ते करायचं, आणि तेवढंच करायचं, हे त्या दिवसांत मी चाचपडत शिकत होते. त्याला नाव आहे हे मुक्तामुळे आता कळलं.

रविवारी आप्पा घरी होते. दुपारची बाराची वेळ, आमटी गॅसवर चढलेली, पॅसेजभर खोबऱ्याचा वास. आणि शेगडी भक् करून विझली. मी पाटावर बसले होते. स्वयंपाकघरात आधी काडी ओढल्याचा आवाज आला, मग अजून एका काडीचा, मग काहीच नाही. आई सांडशी हातात तशीच घेऊन बाहेर आली. पॅसेजमध्ये मी होते, तिला जायला वाट नव्हती. इतर वेळी ती तिथेच थांबून मला म्हणाली असती. मी उठून भिंतीला पाठ लावली, पाट पायाने सरकवला. ती माझ्यासमोरून अंग चोरून पुढे गेली आणि आप्पांच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"गॅस संपला," ती म्हणाली.

आप्पांनी पेपर खाली घेतला. "मग आधी सांगायचं."

"कुणाकडून सांगू?"

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. एवढं सरळ तिच्याकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. मग उठले, बनियनवरच देसाईंकडे गेले आणि त्यांचा जादा सिलिंडर फरशीवरून गडगडत आणला. तो आवाज मला वाजंत्रीसारखा वाटला.

जेवायला बसलो. आई आमटी वाढत होती. बोलायला तोंड फुटलंच होतं, म्हणून असेल, वाढता वाढता ती आप्पांना म्हणाली, "तिरफळं जास्तच घातलीत आज. तुम्हाला लागतात म्हणून."

"मला?" आप्पा म्हणाले. "मला कुठं लागतात? जीभ मरते माझी. तू मुद्दाम माझ्यासाठी घालतीस म्हणून खातो मी."

आईचा पळा वाटीवरच राहिला. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे. मला वाटलं, संपलं, आता या घरात काही उरलं नाही. मी म्हटलं, आप्पा कधी तसं म्हणाले नव्हते आई, आणि तूही नव्हतीस म्हणाली. मग बरंच काय काय, बामाचं, भाजीचं, सगळं. आई पातेलं घेऊन मागे गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. आप्पा बसून राहिले. मग आपलं ताट उचलून, उष्ट्या हाताने, ते पॅसेजमधून स्वयंपाकघरात गेले. जन्मात कधी त्यांनी स्वतःचं ताट उचललं नव्हतं.

मला मागे जायचं होतं. माझा सगळा जीव पॅसेजमध्ये होता. तिथे जाऊन नुसती उभी राहिले असते तरी शब्द न शब्द ऐकू आला असता, आणि काही बिनसलंच तर मला लगेच मध्ये पडता आलं असतं. मी हात धुतला, चपला घातल्या आणि खाली उतरले. बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत भर उन्हात मी किती तरी वेळ येरझारा घालत राहिले. ते आत काय बोलले मला आजतागायत माहीत नाही. आप्पा गेले, पुढे आईही गेली, मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एका अर्थाने त्या दोघांचं ते पहिलं स्वतःचं बोलणं होतं.

वर आले तेव्हा आई ओटा पुसत होती. डोळे लाल, पण आवाज नेहमीचा. म्हणाली, "उद्या हे येतील तुझ्याबरोबर. मला विचारशील तर मला पटलेलं नाही. एकटी मुलगी, एवढ्या लांब. पण जा." हॉलमधून आप्पांचा आवाज आला. "मलाबी न्हाय पटलेलं. माती सुटावी म्हणून जन्म घातला मी, आन् तू निघालीस परत मातीत. पण जा." त्यात माझ्या हातची साखर अजिबात नव्हती. तरी इतकं गोड मी त्या घरात कधी काही ऐकलं नव्हतं.

वसतिगृहातले पहिले दिवस मात्र वाईट गेले. कोणाला माझी गरजच नव्हती. खोलीतल्या दोन मुलींचं भांडण झालं तर मी धावून मध्ये पडले, तेव्हा त्या दोघी मिळून माझ्यावरच चिडल्या. चहा घेणार की दूध असं एकीने विचारलं तर मी म्हटलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, अगं मला काय वाटायचंय, तू पिणार आहेस. इतकी वर्षं दोन माणसांना काय हवंय ते त्यांनी बोलायच्या आत मी ओळखत होते, आणि माझ्या स्वतःच्या घशाला काय हवंय ते मला माहीत नव्हतं. शेवटी दूध म्हटलं. चहा हवा होता, हे दूध पिऊन झाल्यावर कळलं. अशी हळूहळू ओळख होत गेली. नर्सरीत काजूची कलमं बांधायला शिकले, हाताला चीक लागून कातडी सोलली, आणि कधी कधी एक आख्खी दुपार घराची आठवण न येता गेली की संध्याकाळी दचकायला व्हायचं.

दिवाळीला मी घरी निघाले. येतेय असं शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं होतं आणि आप्पा स्टँडवर घ्यायला येतील असा निरोप उलट आला होता. वाशीला उतरले तर कोणीच नाही. बराच वेळ वाट पाहिली. मग पिशव्या उचलल्या आणि निघाले, आणि वाटभर माझ्या डोक्यात एकच, की पुन्हा अबोला झाला असणार, आणि या वेळी फार वाईट झाला असणार, आणि हे सगळं मी गेल्यामुळे. जिना चढताना वरून आवाज यायला लागले. आधी वाटलं देसाईंकडचे. मग ओळखीचे वाटले. आमच्या दारापाशी पोचले तर आत आई आणि आप्पा भांडत होते. चक्क, मोठमोठ्याने, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे. आईचं म्हणणं, घ्यायला जायचं म्हणून दोन दिवस सांगतेय आणि तुम्ही आत्ता दाढी करायला बसलात. आप्पांचं म्हणणं, बस कधी वेळेवर येती का, आन् तू तरी कशाला थांबलीस, तुला पाय न्हाईत का. आई म्हणाली, लाडू तुम्ही वळणार होतात का. आप्पा काहीतरी म्हणाले आणि आई हसली, आणि हसता हसताच परत भांडायला लागली.

मी बेल वाजवली. आईने दार उघडलं. हाताला बेसन, केस विस्कटलेले, तोंड लाल. मला पाहून तिचे डोळे भरले, तिने कोपराने मला जवळ ओढलं, माझ्या गालाला तूप लागलं. मी आत पाऊल टाकणार आणि सवयीने विचारणार, की काय झालं, मी सांगू का त्यांना. मी तोंड उघडायच्या आत आईने मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे.

"आलीस? बस जरा तिथे," ती म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय."

आणि ती आत गेली. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि दाराशीच बसले. मला वाईट वाटलं, हे मी खोटं नाही सांगणार. चांगलंच वाईट वाटलं. मग चपला काढल्या, पाय लांब केले आणि त्यांचं होईपर्यंत बसून राहिले.